वाड्या-वस्त्यांवरचा डेटा, फामाचा कार्ड आणि रिव्ह्यूअर नंबर दोन

बरेच ज्युनिअर विचारतात की मॅडम, जनावरांचा दवाखाना सांभाळून शेळ्यांच्या जंतांवरचा संशोधनाचा पेपर कसा काय केलात, जर्नल कसं निवडलं, पैसे लागले का, रिव्ह्यूअर (जर्नलसाठी पेपर तपासणारे तज्ज्ञ) काय काय विचारतात. दरवेळी फोनवर अर्धवट सांगणं होतं म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढते. लांबलंय, पण ज्याला खरंच करायचंय त्याला उपयोगी पडेल.

मी पशुधन विकास अधिकारी, म्हणजे जनावरांची सरकारी डॉक्टर, धाराशिव जिल्ह्यात, श्रेणी-१ चा दवाखाना. एमव्हीएससी (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) पॅरासायटॉलॉजीत, म्हणजे परजीवींच्या शास्त्रात केलं. आमचा पट्टा म्हणजे उस्मानाबादी शेळीचं माहेरघर. काळीभोर जात, जुळी करडं देण्यात नाव काढलेली, आणि वाड्या-वस्त्यांवर घरटी चार-सहा तरी असतातच. सांभाळणाऱ्या बहुतेक बायकाच, आणि शेळी विकली की दवाखाना, शाळेची फी, कुणाचं लग्न, सगळं त्या पैशात निघतं. अशा घरात पावसाळ्यात एक शेळी मेली तर काय होतं ते मी रोज बघते, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता पेपरचा कधीच नव्हता.

मरायचं मोठं कारण हिमाँकस. चौथ्या पोटात राहणारा, रक्त पिणारा जंत. मादी लाल-पांढऱ्या पिळाची दिसते, कारण रक्ताने भरलेल्या आतड्याभोवती पांढऱ्या अंडाशयाचे वेढे असतात, आणि एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. ऊब आणि ओल मिळाली की लेंड्यांमधून अळ्या गवतावर चढतात. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर हा त्यांचा हंगाम. शेळी खंगते, जबड्याखाली पाणी साठून सूज येते, पापणी पांढरीफटक पडते, आणि हगवण नसल्यामुळे मालकिणीला कळतच नाही की हे जंत आहेत.

आपली वर्षानुवर्षांची पद्धत काय, तर पावसाळ्याआधी आणि नंतर सगळ्या कळपाला एकाच दिवशी औषध पाजायचं. औषध पाजताना वजन होत नाही, अंदाजाने बाटली तोंडात. वर शेळीचं लिव्हर अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही औषधं मेंढीपेक्षा लवकर निकामी करतं, म्हणून शेळीला डोस जास्त लागतो, पण फिल्डवर मेंढीचाच डोस शेळीला जातो. कमी डोस पुन्हा पुन्हा गेला की औषधाला दाद न देणारे जंत तेवढे उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. मग लोक म्हणतात, डॉक्टर तुमचं औषध आता लागू पडत नाही. बरोबरच म्हणतात.

यावर साउथ आफ्रिकेत फाफा मलान नावाच्या व्हेटने (पशुवैद्यकाने) काढलेलं फामाचा कार्ड आहे. कार्डावर पाच रंग, लालभडक ते पांढरट, शेळीची खालची पापणी उघडायची, आतल्या रंगाशी कार्ड ताडायचं आणि १ ते ५ स्कोअर द्यायचा. १-२ ला औषध नाही, ४-५ ला द्यायचं, आणि ३ म्हणजे मधला, तिथेच सगळी डोकेदुखी. सगळ्यांना न पाजता ज्याला गरज आहे त्यालाच पाजायचं, म्हणजे बाकीच्या शेळ्यांच्या पोटात औषधाला दाद देणारे जंत शिल्लक राहतात आणि एकूण जंतांच्या पिढीत ती कमजोरी टिकून राहते. जगभर यावर भरपूर काम झालंय. माझा प्रश्न त्याहून साधा होता, की आमच्या भागात, भर पावसात, श्रेणी-२ च्या दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक (डॉक्टर नसलेला खात्यातला कर्मचारी) हे कार्ड घेऊन वाडीवर गेला तर त्याचा स्कोअर रक्तातल्या ॲनिमियाशी (रक्त कमी होण्याशी) जुळतो का, आणि एखादी आजारी शेळी त्याच्या नजरेतून सुटली तर त्याची किंमत काय.

इथेच पहिली गोष्ट सांगते. प्रश्न एका वाक्यात लिहिता येत नसेल तर सॅम्पल घ्यायला बाहेर पडूच नका. गाईड सरांनी मला महिनाभर हे एक वाक्य परत परत लिहायला लावलं, तेव्हा चिडचिड व्हायची, पण पुढे पेपर लिहिताना त्याच वाक्याने तारलं.

दुसरं म्हणजे स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमकडे मी डेटा गोळा करायच्या आधी गेले. बहुतेक जण नंतर जातात, एक्सेल शीट घेऊन, आणि मग मॅडम म्हणतात आता काय करू मी याचं. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, तुझं युनिट काय, शेळी की कळप? एका कळपातल्या शेळ्या एकाच माळावर चरतात, एकाच गोठ्यात बसतात, एकाच बाईच्या हातचं खातात. त्यामुळे एका कळपातल्या वीस शेळ्या म्हणजे वीस स्वतंत्र पुरावे नव्हेत. म्हणून मोठे दोन कळप घेण्यापेक्षा छोटे पुष्कळ कळप घ्यायचे आणि ॲनालिसिस करताना मॉडेलमध्ये कळप हा रँडम इफेक्ट म्हणून टाकायचा, म्हणजे कळपाकळपातला फरक हिशोबात धरायचा, असं ठरलं. खाद्याच्या ट्रायलमध्येही हेच. एका गव्हाणीवर दहा करडं एकत्र खात असतील तर तुमचा आकडा दहा नाही, एक आहे. आमच्या क्षेत्रातले कितीतरी पेपर या एकाच मुद्द्यावर रिजेक्ट होतात.

मग परवानगी. प्रयोगासाठी जनावरं वापरायची तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची सीपीसीएसईए, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी सरकारी समिती, जिला आता सीसीएसईए म्हणतात, आणि कॉलेजची ॲनिमल एथिक्स कमिटी. आमची जनावरं लोकांची, रक्त फक्त नेहमीच्या तपासणीइतकं घ्यायचं, तरी मी आधीच प्रस्ताव टाकून लेखी पत्र घेतलं. हे पत्र डेटा घेतल्यानंतर मिळत नाही आणि आजकाल चांगलं जर्नल सबमिशनच्या पहिल्याच पानावर त्याचा नंबर मागतं. आणि पशुपालकांची संमती. फॉर्म मराठीत केला, साध्या भाषेत, आणि प्रत्येक घरी वाचून दाखवला. एका वस्तीवर एक आक्का होत्या, पदराने हात पुसत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, अंगठा देते, पर ह्या कागदावर माझी शेळी माझीच ऱ्हाती का ते वाचून दावा आधी." मी ती ओळ परत वाचली, की जनावर कधीही अभ्यासातून काढून घ्यायचा, विकायचा हक्क मालकाचाच. ती ओळ फॉर्ममध्ये होती म्हणून आक्कांनी अंगठा दिला, आणि त्याच ओळीमुळे पुढे माझ्या डेटाला मोठी भोकं पडली. पण ती ओळ हवीच होती.

काम २०२२ च्या पावसाळ्यात केलं. ज्यांनी त्या वर्षी महाराष्ट्रात फिल्डवर नोकरी केलीय त्यांच्या लक्षात आलं असेल पुढे काय झालं ते.

रोजचं काम असं. सकाळी शेळ्या माळावर सुटायच्या आत वाडीवर पोहोचायचं. आधी पर्यवेक्षक स्कोअर देणार, मग मी, एकमेकांचा स्कोअर न बघता, वेगवेगळ्या वहीत. पापणी बघायची पण पद्धत आहे, वरच्या पापणीवरून डोळा हलका दाबायचा, खालची पापणी खाली ओढायची, आणि रंग उन्हात बघायचा, गोठ्याच्या अंधारात नाही. कार्ड मात्र एरवी उन्हात ठेवायचं नाही, रंग उडतात, वर्षभर वापरलं की बदलायचं असतं. मग मानेच्या शिरेतून रक्त, ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये. लेंड्या थेट गुदद्वारातून, जमिनीवरच्या कधीच नाही. सगळं थर्माकोलच्या डब्यात बर्फावर, कारण उबदार हवेत अंडी दिवसभरात फुटायला लागतात आणि मग मोजणी चुकते.

दुपारी दवाखान्याची ओपीडी, एआय (कृत्रिम रेतन), आणि संध्याकाळी मॅकमास्टर, म्हणजे दोन खणांच्या काचपट्टीवर लेंड्यांतली जंतांची अंडी मोजायची पद्धत. २ ग्रॅम लेंड्या, २८ मिली मिठाचं संपृक्त द्रावण, गाळायचं, दोन्ही खणांत सोडायचं, पाच मिनिटं थांबायचं म्हणजे अंडी वर तरंगतात, दोन्ही खणांतली अंडी मोजून गुणिले ५०. पण हिमाँकसची अंडी आणि त्याच स्ट्राँगाइल गटातल्या बाकीच्या जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखू येत नाहीत. म्हणून प्रत्येक फेरीला काही लेंड्या एकत्र करून अळ्या वाढवायच्या, आठवडाभर, मग तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्यांची शेपटी-डोकं बघून जात ठरवायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि बरेच जण गाळतात. मी गाळलं नाही, आणि रिव्ह्यूमध्ये पेपर तरला तो याच्यावर.

आता भोकं. त्या वर्षी बकरी ईद १० जुलैला होती, आणि आखाडही जवळपास तेव्हाच. आमच्याकडे आखाडात गावोगाव देवाला बोकड, शिवाय ईदचा बाजार, म्हणजे जूनअखेर ते जुलै बोकडाला वर्षातला सगळ्यात चांगला भाव. माझ्या अभ्यासातले चांगले तगडे बोकड भराभर विकले गेले. आता हे नीट समजून घ्या, डेटा गेला हा एक भाग, पण कोण गेलं हा खरा मुद्दा. गेले ते धष्टपुष्ट नर. राहिल्या त्या माद्या, गाभण, दुधावरच्या, आणि लहान करडं, म्हणजे ज्यांना जंतांचा त्रास जास्त होतो तेच. म्हणजे पुढच्या फेऱ्यांमध्ये ॲनिमिया वाढलेला दिसला तर तो पावसामुळे किती आणि तगडी जनावरं निघून गेल्यामुळे किती? मी प्रत्येक जनावराच्या नावापुढे बाहेर पडल्याची तारीख आणि कारण लिहीत गेले, विकलं, मेलं, पाहुण्यांना दिलं, चोरीला गेलं, काय असेल ते. सवय म्हणून लिहीत होते, पण तो कॉलम सोन्याचा निघाला.

आणि मग ऑगस्टमध्ये लंपी, गाईगुरांचा साथीचा त्वचारोग. आधी जळगावकडून बातम्या, मग बघता बघता राज्यभर, आणि सप्टेंबरमध्ये गोट पॉक्सची (शेळ्यांच्या देवीची) लस घेऊन सगळ्या गाईगुरांचं लसीकरण. आमच्या खात्यातलं कुणी घरी जेवलं नाही त्या महिन्यात. माझ्या दर पंधरा दिवसांच्या फेऱ्या, त्यातली एक सरळ लांबली, दोन आठवड्यांच्या जागी जवळजवळ चार झाले. त्या मधल्या काळात एका वस्तीवरची एक शेळी मेली. भाकड होती, गाभण नव्हती, आधीच्या फेरीत तिचा स्कोअर ३. आमच्या प्रोटोकॉलप्रमाणे ३ असेल तर करडं, गाभण आणि दुधावरच्यांनाच औषध, बाकीच्यांना पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं. पुढची फेरी वेळेत झालीच नाही. फोन आल्यावर मी गेले, त्यांनी पुरली नव्हती, पोस्टमॉर्टेम केलं. चौथं पोट उघडलं तर आतली सगळी त्वचा लाल ठिपक्यांची आणि जंत वळवळत होते, रक्त पाण्यासारखं पातळ. घरातली पोरगी शेजारी उभी राहून बघत होती, तिला मी ते जंत दाखवले, लाल-पांढरा पीळ दाखवला. त्या घराला आम्ही टीमने मिळून एक पाठ (तरुण शेळी) घेऊन दिली, ते वेगळं.

पेपर लिहायची वेळ आली तेव्हा या शेळीवरून आमच्यात चर्चा झाली. एका सहलेखकाचं मत होतं की प्रोटोकॉल मोडला गेला त्या काळातला डेटाच वगळू, कारण लंपीची साथ हे काही दरवर्षीचं नाही, पेपर स्वच्छ होईल. माझं मत उलट होतं. फिल्डवर दरवर्षी काहीतरी असतंच, कधी लंपी, कधी निवडणुकीची ड्युटी, कधी पूर. पंधरा दिवसांची फेरी चार आठवड्यांवर गेली तर स्कोअर ३ ची शेळी मरू शकते, ही माझ्या दृष्टीने आख्ख्या अभ्यासातली वापरायच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची माहिती होती. ती काढून टाकायची आणि मग कुठल्यातरी दुसऱ्या तालुक्यातल्या डॉक्टरने आमचा पेपर वाचून तीच पद्धत वापरायची? सरांनी माझी बाजू घेतली. ती शेळी पेपरमध्ये राहिली, रिझल्टमध्ये दोन वाक्यं आणि डिस्कशनमध्ये एक परिच्छेद.

लेखकांच्या नावांबद्दल पण बोलते कारण इथे बरेच ज्युनिअर अडचणीत येतात. नाव कुणाचं घालायचं याचे आंतरराष्ट्रीय मेडिकल एडिटर्सच्या समितीने घालून दिलेले निकष आहेत, की आखणीत किंवा डेटात-ॲनालिसिसमध्ये खरं काम, लिखाणात सहभाग, शेवटच्या मसुद्याला मंजुरी, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घ्यायची तयारी, हे चारही पाहिजेत. माझ्याकडे एका वरिष्ठांकडून निरोप आला होता की आमचंही नाव घाला. मी नम्रपणे ते निकष पाठवले आणि मसुदा वाचायला पाठवते, लेखी सूचना द्या म्हटलं. विषय तिथेच थांबला. उलट दोन पशुधन पर्यवेक्षक, ज्यांनी सगळे स्कोअर दिले, वह्या ठेवल्या, आणि मसुदा मराठीत समजावून घेऊन त्यात दुरुस्त्या सुचवल्या, त्यांची नावं लेखक म्हणून आहेत. ते छापून आल्यावर त्यातल्या एकाने पहिल्या पानाची रंगीत प्रिंट लॅमिनेट करून दवाखान्यात लावली. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

जर्नल निवडणं. आमच्याकडे सगळे आधी नास स्कोअर (राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने जर्नलला दिलेले गुण) बघतात, कारण प्रमोशन आणि निवडीला तोच मोजतात. ते बघा, पण आधी हे बघा की तुमचा वाचक कुठे आहे. आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषदेचं) इंडियन जर्नल ऑफ ॲनिमल सायन्सेस १९३१ पासून चालू आहे, आपल्याकडच्या व्हेटकडून वाचलं जातं. शेळ्या-मेंढ्यांसाठी स्मॉल रुमिनंट रिसर्च आहे, आपल्यासारख्या उष्ण देशांमधल्या कामासाठी ट्रॉपिकल ॲनिमल हेल्थ अँड प्रॉडक्शन आहे. अमेरिकेतलं अप्लाइड ॲनिमल सायन्स, जे २०१९ च्या आधी प्रोफेशनल ॲनिमल सायंटिस्ट नावाने निघायचं, ते तर मुद्दाम प्रत्यक्ष फार्मवर उपयोगी पडेल असंच काम छापतं, त्यातले लेख वाचून मी 'याचा उपयोग काय' हा भाग कसा लिहायचा ते शिकले. प्रत्येक जर्नलचे मागच्या दोन-तीन वर्षांतले आपल्या विषयाचे पाच-सात लेख वाचा, स्कोप नावाचं पान वाचून काही कळत नाही, छापलेले लेख वाचून कळतं.

ओपन ॲक्सेसची (लेख सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून लेखकाने भरायची) फी काही परदेशी जर्नल्समध्ये हजारो डॉलर असते, आपल्याला ते परवडणारं नाही. पण बऱ्याच जर्नल्समध्ये सबस्क्रिप्शनच्या मार्गाने, म्हणजे वाचणाऱ्याने पैसे भरायचे अशा पद्धतीने छापलं तर लेखकाला काही द्यावं लागत नाही, आणि स्वीकारलेला मसुदा ठरावीक मुदतीनंतर संस्थेच्या रिपॉझिटरीत (ऑनलाइन संग्रहात) टाकता येतो. मी तेच केलं, एक रुपया दिला नाही. आणि ते रोज येणारे मेल, आदरणीय महान संशोधक, तीन दिवसांत पेपर छापू, फक्त एवढे हजार भरा. त्या वाटेला जाऊ नका. तीन दिवसांत कुणी पेपर तपासत नसतं. थिंक चेक सबमिट म्हणून एक चेकलिस्ट नेटवर फुकट आहे, शंका आली की ती काढून एकेक प्रश्नाला उत्तर द्या, दहा मिनिटांत जर्नलचं खरं रूप कळतं.

पहिल्या जर्नलने तीन दिवसांत परत पाठवला, रिव्ह्यूला गेलाच नाही. कारण दिलं होतं की विषय स्थानिक महत्त्वाचा आहे. वाईट वाटलं, पण तो शेरा मी टेबलावर लावून ठेवला आणि प्रस्तावना आख्खी नव्याने लिहिली. आधी सुरुवात होती 'उस्मानाबादी ही महाराष्ट्रातील महत्त्वाची जात आहे' अशी. कुणाला पडलीय? नवीन सुरुवात अशी केली की निमप्रशिक्षित माणूस कार्ड वापरतो तेव्हा त्याची अचूकता किती, आणि फेऱ्यांमधलं अंतर वाढलं तर काय होतं, हे छोट्या कळपांच्या देशांमध्ये फारसं तपासलेलं नाही. हा प्रश्न केनियातल्या व्हेटचाही आहे आणि नेपाळमधल्याही. काम तेच, आकडे तेच, पण प्रश्न मोठा होऊन समोर आला. दुसऱ्या जर्नलने रिव्ह्यूला पाठवला.

बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं, मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठे बदल करून परत पाठवा. रिव्ह्यूअर एकने इंग्रजी सुधारा म्हटलं आणि काही संदर्भ सांगितले, ते सोपं होतं. रिव्ह्यूअर दोनने तीन पानं लिहिली होती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. दोन दिवस फाइल उघडलीच नाही, हे मी सगळ्यांना सांगते, पहिल्या दिवशी उत्तर लिहायचं नाही. मग प्रत्येक मुद्दा तोडून टेबलमध्ये टाकला, एका बाजूला त्याचं वाक्य जसंच्या तसं, दुसऱ्या बाजूला आमचं उत्तर आणि कितव्या ओळीवर काय बदललं.

पहिला मुद्दा, औषध अजिबात न दिलेला कंट्रोल ग्रुप का नाही? उत्तर आम्ही थेट दिलं. ही जनावरं लोकांची आहेत, स्कोअर ५ ची शेळी डोळ्यासमोर असताना औषध न देणं आम्हाला मान्य नाही आणि एथिक्स कमिटीलाही नाही. आणि आमचा प्रश्न औषध चालतं का हा नाहीच, स्कोअर ॲनिमियाशी जुळतो का हा आहे, त्याला तो ग्रुप लागत नाही. रिव्ह्यूअरचं सगळंच मान्य करायचं असतं असा गैरसमज आहे. कारण देऊन नाही म्हणता येतं.

दुसरा, ॲनिमिया हिमाँकसमुळेच कशावरून? गोचीड असतील, लिव्हर फ्लूक (यकृतातला चपटा जंत) असेल, रक्तातले परजीवी असतील. अगदी बरोबर प्रश्न. इथे ती कंटाळवाणी अळ्यांची मोजणी कामी आली, फेरीनिहाय कुठल्या जातीच्या अळ्या किती ते टेबल लावलं. गोचिडांची नोंद होती. रक्ताच्या स्मिअर (काचपट्टीवर पसरलेले रक्ताचे थेंब) काही फेऱ्यांच्याच होत्या, तेवढ्याच आहेत असं स्पष्ट लिहिलं आणि मर्यादांमध्ये ते घातलं.

तिसरा, कटऑफ. ४-५ ला आजारी धरता की ३-४-५ ला? आम्ही दोन्हीचे आकडे दिले. ३ पासून धरलं तर आजारी शेळी क्वचितच सुटते, पण बऱ्याच निरोगी शेळ्यांना उगाच औषध जातं. ४ पासून धरलं तर औषध वाचतं, पण काही आजारी सुटतात. या दोन चुका सारख्या नाहीत. एका चुकीची किंमत औषधाचा एक डोस, दुसरीची किंमत एक शेळी. आणि इथेच ती मेलेली शेळी उभी राहिली. रिव्ह्यूअर दोनने नेमका तोच परिच्छेद उचलून विचारलं होतं, मग तुम्ही प्रत्यक्ष शिफारस काय करता? आम्ही लिहिलं, की भर पावसात दर आठवड्याला बघणं शक्य असेल तरच ३ ला थांबावं, फेरी पंधरवड्याच्या पुढे जाण्याची शक्यता असेल तर ३ पासून सगळ्यांना औषध द्यावं. मूळ मसुद्यात ही शिफारस इतकी स्पष्ट नव्हती. रिव्ह्यूअरने विचारलं म्हणून ती बाहेर आली, आणि आज लोक पेपरमधलं तेच वाक्य वापरतात.

चौथा, बोकड कुठे गेले. बाहेर पडलेल्या जनावरांची आकृती काढली, कोण कधी कशामुळे गेलं. मॅडमनी नर वगळून सगळं ॲनालिसिस परत चालवलं आणि निष्कर्ष बदलत नाही हे दाखवलं. ईद आणि आखाड यांचा बाजाराशी काय संबंध ते दोन ओळीत समजावलं. दुसऱ्या फेरीत रिव्ह्यूअरने त्यावर एकच शब्द लिहिला होता, समाधानकारक. आणि निष्कर्षातलं 'महाराष्ट्रात' काढून 'अभ्यासलेल्या कळपांमध्ये, पावसाळ्यात' असं करायला लावलं. केलं, कारण आमच्याकडे पुरावा तेवढाच होता.

प्रूफ (छपाईआधी तपासायची प्रत) आलं तेव्हा ४८ तासांत परत द्यायचं होतं आणि एक मजेशीर शंका होती, की नकाशात जिल्हा धाराशिव आणि मजकुरात जात उस्मानाबादी, एकच नाव करायचं का? नाही. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, पण जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या ब्युरोकडे जातीची नोंद उस्मानाबादी म्हणूनच आहे. दोन्ही तसंच ठेवलं आणि मेथड्समध्ये एक वाक्य घातलं. प्रूफमध्ये टेबलं ओळ न ओळ मूळ शीटशी ताडून बघा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं, कारण टाइपसेटिंगमध्ये कॉलम सरकतात.

पेपर आला, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) मिळाला, व्हॉट्सॲपवर अभिनंदन झालं. पण आक्का काही तो पेपर वाचणार नाहीत. म्हणून त्यातून एक पानी मराठी पत्रक केलं, मोठ्या अक्षरात, पापणी कशी उघडायची त्याचे फोटो, आणि खाली तीन ओळी की कुठल्या शेळीला कधी पाजायचं. ज्या वस्त्यांवरून डेटा घेतला तिथे सगळीकडे स्वतः जाऊन दिलं आणि त्यांच्याच कळपाचे निकाल त्यांना सांगितले. बायका एकमेकींच्या शेळ्यांच्या पापण्या बघायला लागल्या. एकीने विचारलं, मग मेंबरच्या बायकोच्या शेळ्यांपेक्षा माझ्या बऱ्या निघाल्या ना? निघाल्या होत्या, सांगितलं.

आता पुढचं काम उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) पशुसखींबरोबर करतोय, म्हणजे गावातल्या जनावरांची प्राथमिक काळजी घ्यायचं प्रशिक्षण घेतलेल्या बायकांबरोबर. त्याच गावात राहतात, त्यामुळे दर आठवड्याची फेरी त्यांनाच शक्य आहे, डॉक्टर लसीकरणात अडकला तरी. त्यांचा स्कोअर पर्यवेक्षकाच्या स्कोअरशी किती जुळतो ते मोजायचंय. एथिक्सचं पत्र आलंय, कळपांची संख्या मॅडमबरोबर बसून ठरवलीय, या वेळी बोकडांची विक्री गृहीत धरून सुरुवातीलाच जास्त जनावरं घेतलीत, आणि प्रत्येक पशुसखीच्या वहीत बाहेर पडल्याची तारीख आणि कारण हे दोन कॉलम पहिल्या पानापासून छापून दिलेत. तुमच्यापैकी कुणाला तुमच्या तालुक्यात हेच करायचं असेल तर वहीचा नमुना आणि मराठी संमतीपत्र दोन्ही देते, मागून घ्या.